अकरा ठिकाणी ‘बाई’

“महारडे, उद्गारचिन्ह. वाच की गं. थांबलीस का?”

ऑफिसातले काका माझ्याकडं बघत होते. कोल्हापुरातल्या एका प्रकाशनात आम्ही दोघं प्रुफं तपासतो. एकानं जुनी प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं नव्या प्रुफावर नजर ठेवायची. त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. कादंबरी जुनी, गाजलेली.

मी वाचलं. आवाज नीट निघाला नाही.

“मोठ्यानं,” काका म्हणाले. “तुम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना ह्यातलं काय कळायचं न्हाय. पूर्वी असंच बोलायचे.”

सर, म्हणजे आमचे प्रकाशक, केबिनमधून बाहेर आले. “तो शब्द काढा. सगळीकडं ‘बाई’ घाला. उगाच कोणतरी मोर्चा घेऊन दारात यायचं.”

“त्यांचंच राज्य हाय आता, सर.”

दोघं हसले. मीही हसले.

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. बाबांनी इंग्रजी शाळेत घातलं. तिथं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरी बुद्धवंदना, बाहेर गप्प. सवयच लागली.

लाल पेनानं अकरा ठिकाणी तो शब्द खोडला. वर ‘बाई’ लिहिलं. मग ते प्रकरण पुन्हा वाचलं. एक बाई विहिरीवर येते, पाटील तिला काठीनं मारतो. का मारतो? आता कळतच नव्हतं. पाण्यावरचं साधं भांडण वाटत होतं. ती पडते, गाव हसतं, लेखकही गावाबरोबर हसतो. शब्द काढला आणि लेखक स्वच्छ झाला. मार तेवढा राहिला. बिनकारणाचा.

खोडलेलं तसंच ठेवायचं असेल तर प्रुफात त्याखाली टिंबं देतात. मी अकराही ठिकाणी टिंबं दिली आणि केबिनमध्ये गेले.

“सर, शब्द राहू द्या. खाली टीप द्या. ही शिवी कुणाला द्यायचे, का द्यायचे, आणि लेखकानं ती हसत लिहिलीय, हे छापा.”

“तुला काय एवढं पडलंय?”

“मी त्यांच्यातलीच आहे. ही शिवी माझ्या पणजीनं ऐकलीय.”

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, “वाटत नाहीस गं.”

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं.

“अगं, मग तुमच्यासाठीच काढतोय की!”

“आमच्यासाठी नाही, सर. मोर्चाच्या भीतीनं.”

सरांशी असं मी कधीच बोलले नव्हते.

टीप येणार नाही, ‘बाई’च राहणार, सरांनी सांगून टाकलं. लेखकाच्या घरचे दुखावतील. म्हणजे त्यांच्या त्या भावना. आमचा तो मोर्चा.

पुस्तक छपाईला सोडायला शेवटच्या प्रुफावर माझी सही लागते. आठवडा झाला, पानं टेबलावर पडून आहेत. येता-जाता काका म्हणतात, “कर की सही, पोरी. एक शब्द तर हाय.”

मी सही करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. मला काढतीलही. काढू देत. आमच्या माणसांना का मारलं, ते माझ्या हातानं खोडलं जाणार नाही.