प्रागमध्ये वाळत घातलेली चादर

नवऱ्याचं सहा महिन्यांचं काम जर्मनीत निघालं, म्हणून दोन लेकरांना घेऊन मीही तिकडे गेले. तिथून एका जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही तीन दिवस प्रागला जायचं ठरवलं. बॅग भरताना नवऱ्यानं विचारलं, तीन दिवसांसाठी हळदीची पुडी कशाला? माझे वडील कुरुंद्याला हळद पिकवतात. आमच्याकडे माणूस गावाला निघाला की आधी हळद पिशवीत जाते, मग कपडे. मी पुडी मुलाच्या मोज्यात खुपसली आणि विषय संपवला.

आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर उतरलो. बाई खाली राहायच्या. पलंगावर पांढरीशुभ्र चादर होती, काठाला पांढऱ्याच दोऱ्याची बारीक फुलं. किल्ली देताना बाईंनी त्या फुलांवरून हात फिरवला आणि सांगितलं, ही माझ्या आईच्या हातची आहे, लेकरं येणार म्हणून मुद्दाम काढली. मला तेव्हाच ती घडी करून कपाटात ठेवायची बुद्धी व्हायला हवी होती.

पहिल्याच संध्याकाळी चार वर्षांची लेक दगडी रस्त्यावर आपटली आणि तिचा गुडघा फुटला. खोलीवर आणून मी जखम धुतली आणि आईनं माझ्या जखमेवर दाबली असती तशी चिमूटभर हळद दाबली. खरं तर चांगली मूठभरच. पोरगी मुसमुसत पलंगावर झोपून गेली. सकाळी पाहते तर चादरीच्या मधोमध तळहाताएवढा पिवळाधमक डाग.

मी लेकीचा गुडघा धुवायला न्हाणीत गेले, तेवढ्यात नवऱ्यानं मदत म्हणून डागावर साबण घासला. हा माणूस हिंगोलीत कापडाच्या दुकानात वाढलेला, कापडातलं त्याला सगळं कळतं. पण हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुरुंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी बाहेर आले तेव्हा डाग कुंकवासारखा झाला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साबण जाईपर्यंत आम्ही चादर खळबळली. लाल गेला, पिवळा राहिला. आता एकच इलाज होता, ऊन. हळदीचा डाग उन्हापुढे टिकत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण खिडकीबाहेर आभाळ गच्च भरलेलं. तासाला बाहुल्या नाचवणारं चौकातलं ते प्रसिद्ध घड्याळ, किल्ला, होडी, सगळा बेत तसाच ठेवून आम्ही ओली चादर पिशवीत घातली आणि बाईंच्या दारावरून चोरासारखे निघालो.

नदीकाठच्या हिरवळीवर अकराच्या सुमारास ऊन पडलं आणि बघता बघता अर्धं गाव बाह्या वर करून गवतावर आडवं झालं. त्यात आमची चादर कुणाला वेगळी वाटलीच नाही. झाडाची सावली सरकली की चौघांनी चार कोपरे धरायचे आणि उन्हात सरकायचं. सात वर्षांच्या मुलाला आजोबांच्या अंगणात वाळती हळद राखायची सवय. तिथे शेळ्या, इथे बदकं. एक काटकी घेऊन तो चादरीभोवती फिरत होता आणि बदकांना शुद्ध मराठीत दमात घेत होता. ढग आला की लेक हात पसरून सूर्याला हाका मारायची. शेजारची दोन गोरी पोरंही तिच्यासारखीच ओरडू लागली. आम्ही दशम्या खाल्ल्या, त्यांनाही दिल्या.

नवरा गवतावर पडून म्हणाला, "युरोप पाहाया आलो अन् चादर राखून राहिलो."

आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. लग्नानंतर इतकं हसल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. घड्याळाचे टोले तेवढे लांबून ऐकू आले.

तिसऱ्या सकाळी डाग गेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नवऱ्याचं मत पडलं. पण बाई किल्ली घ्यायला वर आल्या आणि त्यांचा हात पुन्हा त्या फुलांवरून फिरला. माझ्यानं राहवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं, साबणासकट. बाईंनी चादर उचलून खिडकीपाशी नेली, चष्मा लावून इंच न् इंच पाहिली. त्यांना डाग सापडला नाही. मग चादर गालाशी धरून त्या म्हणाल्या, आई गेल्यापासून ही कपाटातच होती, बरं झालं, उन्हात जाऊन आली. कुठे वाळत घातली होती, असं त्यांनी लेकरांना विचारलं आणि लेकरांनी खिडकीतून बोट करून दाखवलं.

परतल्यावर वडिलांचा फोन आला. एवढं लांब जाऊन लेकरांनी काय काय पाहिलं, हे त्यांना ऐकायचं होतं. मुलगा काय सांगावं म्हणून माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं फोन ओढून घेतला.

"आबा, आमी ऊन पाह्यलं."

वडिलांचीही हळद त्या दिवसांत अंगणात वाळत पडलेली होती.

"व्हय का?" ते म्हणाले. "मंग, बराबर पडत होतं का?"