सम्राट तिमिरांग मरायला तयार नव्हते

माझ्या सासऱ्यांना मी दरवर्षी गणपतीत ठार मारत असे, आणि ते मेले की अख्खी कॉलनी उभी राहून टाळ्या वाजवत असे. (सासूबाईसुद्धा! त्या तर पहिल्या रांगेत बसायच्या.)

आमची कॉलनी औरंगाबादच्या सिडकोतली. तेव्हा शहराचं नाव हेच होतं. आसपासची मंडळं गणपतीत ऐतिहासिक नाटकं करायची. आमच्या मंडळाला मुकुट, तलवारी भाड्यानं आणणं परवडायचं नाही. पण आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात होते, त्यामुळं पत्र्याचे तुकडे, रबरी नळ्या आणि गेलेले हेडलाइट भंगारातून हवे तेवढे मिळायचे. असल्या सामानातून गड-किल्ले काही उभे राहीनात, म्हणून मी विज्ञाननाटक लिहिलं. माझ्या साहित्यसेवेची सुरुवात ही अशी भंगारातून झाली.

नाटक होतं 'लोहग्रहाचा हल्ला'. नायक कॅप्टन अजिंक्य. खलनायक लोहग्रहाचा सम्राट तिमिरांग. नायक व्हायला कॉलनीत रांग लागली होती, खलनायक व्हायला कोणी तयार होईना. शेवटी बँकेतल्या एका भिडस्त मुलाला पकडून आमच्या गच्चीवर तालीम सुरू केली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. तो मुलगा म्हणाला, "सैनिकांनो, यांना गिरफ्तार करा."

मामंजींनी पेपर खाली ठेवला.

"अरे, गिरफ्तार करायलास का जेवायला वाढायलास? ह्याला काय हुकूम म्हणतेत व्हय?" आणि ते उठून उभे राहिले. "सिपाहियों! ह्या बेवकूफ पृथ्वीवाल्यांना गिरफ्तार करा! एकही जिता सुटता कामा नये!"

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई परात टाकून खाली पळाल्या. मला माझा सम्राट मिळाला.

मामंजी तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. लहानपणी, पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं त्यांच्या मराठीत फर्मान, तामिली, बंदोबस्त असले शब्द जागोजागी ठाण मांडून असायचे. दुसऱ्या ग्रहावरची भाषा कशी असावी हा माझा प्रश्नच मिटला!

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याआधी मामंजी माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, रीतच तशी होती. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंकडं बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, वरणात मीठ लई पडलंय." सासूबाई माझ्याकडं बघून म्हणायच्या, "मीठ लई पडलंय म्हणतेत." मी सासूबाईंना सांगायची, "पुन्हा नाही पडणार म्हणावं." एका वरणाला तीन माणसं लागायची.

नाटकानं हे सगळं बदललं. एक दिवस मी भाजी निवडत असताना मामंजी चक्क माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"सूनबाई, हा सम्राट लोखंडाच्या ग्रहावरचा ना? मग आपल्या पावसात त्याला गंज चढंल की."

मी थक्क झाले. माझ्या नाटकाचा इतका खोल विचार मीसुद्धा केला नव्हता! मग त्या वर्षी आम्ही सम्राटाला गंजवून मारलं. मामंजी इतके सावकाश गंजले, की बायकांचे डोळे पाणावले.

दुसऱ्या वर्षी मंडळानं पुन्हा नाटक मागितलं, आणि प्रेक्षकांनी पुन्हा तिमिरांग मागितला. पण मेलेला माणूस परत आणायचा कसा? मामंजी म्हणाले, "मेला तो जुळा भाऊ होता म्हण." तसं म्हटलं. पुढच्या वर्षी तो यंत्रमानव होऊन आला. (तेलाचं पिंप कापून मामंजींना घातलं होतं. नाटक संपल्यावर ते पिंप निघेना. जेवण उभ्यानं झालं.) त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याला अदृश्य करायचं ठरवलं, तर मामंजी उखडले. "अदृश्य? मग मी दिसणार कसा लोकांना? तालीम कशाला करायची, घरीच बसतो!" शेवटी तो फक्त कॅप्टन अजिंक्यला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतो, असा शास्त्रीय तोडगा काढला.

दरवर्षी आखाड लागला की मामंजी स्वतः चहा टाकायचे, दोन कप घेऊन अंगणात यायचे आणि विचारायचे, "मग, यंदा कसा मरू?" त्यावर आमची तासन्‌तास चर्चा चालायची. सासूबाई आतून ओरडायच्या, "कसंबी मारा, पण जेवायच्या आत मारा! गोळी घ्यायची असते त्यांना!"

माझ्या संसारातले ते सगळ्यात छान पावसाळे होते. पण ते तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला फक्त टाळ्या ऐकू यायच्या.

आणि मग टाळ्या बदलल्या. एका वर्षी कॅप्टन अजिंक्य बंदूक रोखून सम्राटाच्या पाठीमागून दबकत येत होता, तेवढ्यात पुढची सगळी चिल्लीपिल्ली एका सुरात ओरडली, "आजोबा, मागं बघा! तो आलाय!" पृथ्वीवरची पोरं पृथ्वीच्या शत्रूला सावध करत होती! मामंजींनी मागं वळून बघितलं, पोरांना "शुक्रिया" म्हटलं, आणि मग मेले.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष जगदाळेकाका आले. "वहिनी, राग मानू नका. पण पेशकारसाहेबांना आता कोणी भ्यायना झालंय. टीव्हीवर बघा कसले कसले व्हिलन येतेत. काहीतरी ताजं पाहिजे."

मी इतकी पेटले, की वर्षभर दुसरं काही सुचेना. ताजं पाहिजे काय? देते ताजं! खूप विचार करून मी अशी कल्पना काढली, की तसली कॉलनीच्या इतिहासात कोणाला सुचली नव्हती. (सुचूही नये!) सम्राटाला एक मुलगी असते, तिमिरा. ती बापाहून क्रूर. ती पहिल्याच अंकात बापाला मारते आणि गादी बळकावते. प्रेक्षक हबकतात!

तिमिरेचं काम करायला कोणाचीच सून तयार होईना. तेव्हा मी स्वतःच उभी राहिले. सासूबाईंनी एकच अट घातली. "दुसऱ्या ग्रहावरची असली तरी साडीच नेसंल. आमच्या घरची हाय." काळी साडी, त्यावर चंदेरी कागदाचे तारे.

त्या वर्षी मामंजी चहा घेऊन आले, तेव्हा मी घाईत होते. म्हटलं, "मामंजी, यंदा सगळं लिहून झालंय. वाचूनच बघा." आणि त्यांची पानं त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पानं उलटी करून मागं काही आहे का ते बघितलं.

"सूनबाई, पुढची पानं?"

"एवढीच आहेत, मामंजी."

"पहिल्या अंकातच?"

"हो ना! प्रेक्षकांना धक्का बसला पाहिजे."

"बसला," मामंजी म्हणाले, आणि कप घेऊन आत गेले. माझा चहा तसाच राहिला होता, तोही घेऊन गेले.

नाटकाच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. पडदा उघडला. सिंहासनावर मामंजी. मी चंदेरी तारे चमकवत आले आणि बंदूक रोखली. (बंदूक म्हणजे लाल कागद लावलेला टॉर्च.)

"पिताजी, तुमचं युग संपलं!" असं म्हणून मी बटण दाबलं. लाल उजेड मामंजींच्या छातीवर पडला.

मामंजी पडले नाहीत.

मी पुन्हा दाबलं. त्यांनी छातीवरच्या उजेडाकडं बघितलं आणि मुंडी हलवली. "एवढ्यानं मी मरत नसतो, सूनबाई!"

सूनबाई! भर स्टेजवर! मी दात आवळून पुटपुटले, "मामंजी, मरा ना!" आणि समोर टांगलेल्या माईकनं ते इमानदारीनं उचललं. "मरा ना" हे शब्द चार कर्ण्यांतून कॉलनीभर गेले.

बायकांच्या बाजूनं एक लांबलचक "अगं बाई!" आलं.

मामंजी सिंहासनावरून उठले. "इतकी वर्षं हे साम्राज्य मी सांभाळलं! गंजलो, पिंपात शिरलो, एकदा तर अर्धा अदृश्य झालो! कधी कुरकूर केली? आणि आज मला न विचारता बरखास्त करायलीस?"

हे माझ्या लिखाणात नव्हतं. पण खरं सांगायचं तर माझ्या लिखाणापेक्षा बरं होतं. पोरं उभी राहून ओरडायला लागली, "सम्राट! सम्राट!" मागं बसलेले म्हातारे त्यांच्यापेक्षा जोरात ओरडत होते.

मी पुढचंच वाक्य म्हणून टाकलं. "आता या ग्रहावर फक्त माझी सत्ता चालेल!"

"व्हय व्हय, दिसायलंय ते!" बायकांतून कोणीतरी म्हणालं.

गोंधळ ऐकून कॅप्टन अजिंक्य वेळेआधीच स्टेजवर धावत आला. त्याला दुसऱ्या अंकात यायचं होतं. त्यानं एकदा मामंजींकडं बंदूक धरली, एकदा माझ्याकडं धरली, आणि घाबरून प्रेक्षकांकडं बघितलं. सगळं मैदान एका आवाजात गरजलं, "तिला मार!"

त्यानं मला मारलं. तेही शांतपणे, जणू असंच ठरलं होतं. मी मागं कोसळले ती थेट लोहग्रहाच्या यानावर. यान पुठ्ठ्याचं होतं. ते माझ्यासकट विंगेत गेलं. तिथं लाऊडस्पीकरवाले कासिमभाई बसले होते. त्यांनी पुठ्ठ्यातून माझं डोकं बाहेर काढलं आणि काळजीनं विचारलं, "भाभी, अब क्या बजाऊं? फतेह का, या मय्यत का?"

"काहीही वाजवा," मी म्हटलं.

त्यांनी फतेहचं वाजवलं. स्टेजवर मामंजींनी कॅप्टन अजिंक्यच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, की आजपासून पृथ्वी लोहग्रहाच्या ताब्यात आहे. पृथ्वीवासीयांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. शेजारणी एकेक करून यायला लागल्या. "वहिनी, घरात सगळं बरं हाय ना?" म्हणत त्यांची नजर मामंजींच्या ताटाकडं. एकीनं तर त्यांच्यासाठी डब्यात धपाटे आणले आणि माझ्यादेखत त्यांना हळूच सांगितलं, "पेशकारसाहेब, काही लागलं तर आवाज द्या." ह्यांना वाळूजच्या बसमध्ये सोबतचे लोक विचारायचे, "वडील तुमच्याकडंच राहतेत ना अजून?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवताना मामंजींनी सासूबाईंकडं बघितलं आणि म्हणाले, "तिला म्हणावं, भात घाल थोडा."

मी तिथंच होते. हातात भाताचं भांडं घेऊन.

पुढच्या वर्षी मंडळानं ऑर्केस्ट्रा ठेवला. पृथ्वी जिंकली गेली होती, आता नाटकात उरलंच काय होतं! आखाड आला. मी उगीच अंगणात खुर्ची टाकून बसले. मामंजी दारापर्यंत आले, आभाळाकडं बघितलं, आणि आत गेले. त्यानंतर बरेच पावसाळे असेच गेले. भाजी निवडता निवडता माझ्या डोक्यात तिमिरांगाच्या नव्या नव्या युक्त्या यायच्या. समोरच्या खोलीत प्रत्यक्ष तिमिरांग पेपर वाचत बसलेले असायचे, आणि मला त्यांच्याशी बोलायला एक विषय सुचायचा नाही. माणूस पुन्हा नवा करायच्या इतक्या युक्त्या मी शोधल्या होत्या, पण त्या सगळ्या लोखंडाच्या माणसासाठी होत्या.

शेवटी एकदा धीर करून मी एक नवं नाटक लिहिलं. तिमिरांगाचं पुनरागमन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तोपर्यंत मामंजी बरेच थकले होते, काठी आली होती. एका दुपारी मी दोन कप चहा केला आणि पानं त्यांच्यासमोर ठेवली. सासूबाई शेजारीच होत्या, पण मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मामंजींनी सगळं वाचलं. चहा निवून गेला तरी वाचत होते. मग पानं नीट जुळवली.

"झकास लिहिलंयस, सूनबाई," ते म्हणाले. "पण आता मला मारू नको. ह्या वयात लोकांना खरं वाटंल."

मी म्हटलं, "मग मामंजी, शेवटी मरणार कोण?"

"तू मर. तुलाच सरावाची गरज हाय. त्या दिवशी विंगेत पडलीस तेव्हा बघितलं मी. अगं, मरताना कोणी पदर सावरतं का?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ते नाटक पुढं कधी झालं नाही. त्याच हिवाळ्यात मामंजी गेले, आणि त्यांना हवं तसं मरून दाखवायचं माझ्याकडून राहूनच गेलं. पण त्या दुपारी त्यांना काहीतरी ठणकावून उत्तर द्यावं असं फार मनात आलं होतं. दिलं नाही. देणार काय? तेव्हासुद्धा मी पदरच सावरत होते!