आर्डिसच्या शेताचा त्या दिवशीचा भाव

आर्डिस पिंकमने तीस वर्षं मेनमधल्या सार्डिनच्या कारखान्यात कात्रीने माशांची डोकी उडवून डबे भरले. या कामात तिचा हात धरील अशी बाई अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती. बावन्नाव्या वर्षी तिने एमरी नावाच्या कॅनेडियन सुताराशी लग्न केलं आणि सीमेवरच्या नदीचा पूल ओलांडून कॅनडातल्या सेंट स्टीफनला संसार थाटला. रीतसर अर्ज करून इथली कायमची रहिवासी झाली. अमेरिकन मात्र राहिलीच.

मागे राहिलं ते तिचं ब्लूबेरीचं शेत. तरुणपणी स्वतःच्या पगारातून नऊ हजार डॉलरला घेतलेलं. इकडे आल्यावर अकरा वर्षांनी गुडघे बोलू लागले, तेव्हा तिने ते सत्तर हजाराला विकलं. अमेरिकेचा कर तिकडे भरला. इकडचा अर्ज हॅडनने भरला. गावातल्या निम्म्या घरांचा कर तोच बघायचा.

"नऊला घेतलंस, सत्तरला विकलंस. एकसष्ट हजार नफा," हॅडन म्हणाला. "तिकडे भरलंस ते वजा जाऊनही बरंच उरतंय, बाई."

तिने पैसे भरले, पण मन मानेना. शेताचा भाव चढला होता तो ती पलीकडे असताना. त्यात या देशाचा काय संबंध? ती ग्रंथालयात जाऊन बसली. नव्याने येणाऱ्यांसाठीची करखात्याची पुस्तिका तिने बोट ठेवून ठेवून वाचली, आणि चौथ्या दिवशी तिला हवी ती ओळ सापडली. इथे राहायला आलात त्या दिवशी मालमत्तेची बाजारात जी किंमत असेल, तीच तुमची खरेदीची किंमत धरायची.

ती तडक हॅडनकडे गेली.

"अगं, ते परदेशातून येणाऱ्यांसाठी असतं," तो हसला.

"मग मी कोण? पुरात वाहत आलेला ओंडका?"

"तू पुलापलीकडची! तुला कोण परदेशी म्हणतंय?"

"कायदा म्हणतोय," आर्डिसने पुस्तिका त्याच्या टेबलावर आपटली. "वाच. मोठ्यानं वाच."

हॅडनने वाचलं. त्याचे कान लाल झाले. "पण त्या दिवशीचा भाव सिद्ध कसा करणार? अकरा वर्षं झाली!"

"ते माझ्यावर सोड."

तिला पक्कं आठवत होतं. ती इकडे आली त्याच जून महिन्यात शेजारच्या वेंडेलने आपलं शेत विकलं होतं. तेवढंच मोठं, त्याच ओढ्याकाठचं. एमरीने गाडी काढली. पलीकडे मचायसच्या जमीननोंदणी कचेरीतल्या बाईने जुनं खरेदीखत शोधून शिक्का मारून दिलं. बासष्ट हजार! परतताना आर्डिसने जमिनीची किंमत ठरवणाऱ्या माणसाला गाठून त्याचाही कागद घेतला.

"एवढी धावपळ केलीस," एमरी म्हणाला, "आणि नाहीच ऐकलं त्यांनी तर?"

"तर आणखी कागद आणीन. डबे मोजून द्यायची सवय आहे मला."

तिने दुरुस्तीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला आणि सगळे कागद जोडले. चार महिने गेले. मग एका दुपारी पाकीट आलं. तिचं म्हणणं मान्य झालं होतं. नफा एकसष्ट नव्हे, आठ हजार. जास्तीचे पैसे व्याजासकट परत.

एमरी सुतारशेडमधून धावत आला, तर ही अंगणात उभी राहून पत्र शेजारणीला ओरडून वाचून दाखवत होती. त्या शनिवारी चर्चमधल्या जेवणाला उकडलेल्या बीन्सचं ताट हातात घेऊन हॅडन सगळ्यांसमोर उठला.

"चाळीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "चूक माझी होती. ती पकडली सार्डिनवाल्या बाईनं."

लोकांनी टेबलं बडवली. आर्डिस लाजली नाही. उभी राहून तिने मान तुकवली आणि टाळ्या पुऱ्या होईपर्यंत उभीच राहिली.

आता दर मंगळवारी ती ग्रंथालयात बसते. पूल ओलांडून राहायला येणारे तिच्याकडे येतात, कधी कधी हॅडनच पाठवतो. "घर, शेत, शेअर, असेल ते आज कितीला जाईल ते लिहून घ्या, तारखेसकट," ती बजावते. "आणि नागरिक अमेरिकेचे आहात तोवर तिकडच्या कराचा अर्जही दरवर्षी भरायचा बरं का. ती आई काही लेकरांचा हात सोडत नाही."