जात्यांनी भरलेली नाव

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि धार जिल्ह्यात नर्मदेच्या काठाजवळ, जेमतेम गुडघाभर पाण्यात, आम्हाला एक जुनी नाव सापडली. गाळात रुतलेली, लोहाराने घडवलेल्या खिळ्यांची, आणि पोटात दगडी जाती रचलेली. त्या जात्यांच्याच ओझ्याने ती बुडाली असावी.

मी देवासची. पाण्याखालचं पुरातत्त्व शिकायला निघाले तेव्हा एका मामांनी विचारलं होतं, देवासात नळाला पाणी नाही, तू बुडणार कशात? पोहायला मी तिशीत शिकले. हट्ट हा माझा एकच खात्रीचा गुण आहे.

नाव सापडल्याची बातमी पसरली आणि सगळ्यांनाच ती पावसाच्या आत उचलून धारच्या संग्रहालयात मांडायची घाई झाली. आमच्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना तर फारच. मी नको म्हणत होते. इतकी वर्षं पाण्यात मुरलेल्या लाकडाला पाण्याचाच आधार असतो. ते वाळलं की फाटतं. ते जपायला लागणारी मोठी टाकी आणि जाणती माणसं आमच्याकडे नव्हती. साहेब म्हणाले, लाकूड आहे, बर्फ नाही वितळायला.

एक सुटी फळी तेवढी आम्ही वर आणली होती. धारमधलं माझं भाड्याचं घर हेच आमचं कोठार, म्हणून ती अंगणात, पाण्याने भरलेल्या टबात बुडवून ठेवली. तेव्हा आई देवासहून राहायला आली होती. फळीला हात लावू नकोस असं तिला बजावून मी दोन दिवसांसाठी नदीवर गेले.

तिने फळीला खरंच हात लावला नाही. पण भाजी धुतलेल्या पाण्याने पाय धुवायचे आणि तेच पुन्हा तुळशीला घालायचं, असा तिचा सारा संसार देवासात झालेला. टँकर आला नव्हता, कूलर कोरडा पडला होता. टबातलं निम्मं पाणी तिने कूलरमध्ये ओतलं. टँकर आला की परत भरू, असा हिशोब. टँकर आलाच नाही.

मी परतले तेव्हा फळीचं वरचं टोक पापडासारखं वळलं होतं आणि चिरेत माझं बोट जात होतं. मी इतकी ओरडले की शेजारीण बाहेर आली. आई शांतपणे म्हणाली, "अगं, एवढं पाणी फालतूमध्ये पडून होतं. मला बघवेना."

मीही परक्या घरातले गळके नळ बंद करत फिरते. रात्रभर राग होता, सकाळी मात्र डोकं चालायला लागलं. ती फळी ओल्या पोत्यात गुंडाळली आणि सरळ साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"दोन दिवस निम्मं पाणी कमी पडलं, तर हे झालं," मी म्हटलं. "अख्खी नाव उचलायची असेल तर लेखी हुकूम द्या."

साहेबांनी चिरेवर बोट दाबलं. लाकडाचा चुरा त्यांच्या बोटाला चिकटला. मग ते म्हणाले, लोक विचारतील, सापडलं ते कुठे आहे? मी म्हटलं, ते मी बघून घेईन.

पावसाच्या आत आम्ही नावेची एकेक फळी मापली, चित्रं काढली, फोटो घेतले. बदनावर गावच्या मंडीतून सोयाबीनची रिकामी पोती आणून त्यांत वाळू भरली आणि जात्यांसकट सगळी नाव झाकून टाकली. आमची पाठ मोडून निघाली. पाणी चढलं तेव्हा मी काठावर उभी होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध मी स्वतःच्या हातांनी पुन्हा बुडवला होता, आणि माझे डोळे भरून आले होते.

धारचा एक पत्रकार कॅमेरा घेऊन आला. "मैडम, वो नाव कहाँ है?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं.

"कुछ दिख तो नहीं रहा."

"इसीलिए बची है, भिया," मी म्हटलं.