दोघांनी चालवायची बोट

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही दोघं ग्रीसला गेलो, तेव्हा दक्षिण गोलार्धात, आमच्या अल्बनीत, थंडी सुरू झाली होती. सकाळी बसच्या स्टॉपवर उभं राहिलं की तोंडातून वाफ यायची. आम्ही उन्हाळ्यात चाललोय याचा आनंद मला इतका होता की बॅगेत पोहायचे टॉग्ज आणि रबरी चपला, म्हणजे इथल्या भाषेत जँडल्स, मी पंधरा दिवस आधीच भरून ठेवले होते. बायको हसायची आणि म्हणायची, तू शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा वागतोयस.

शिडाच्या बोटीचं वेड माझं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे ते लागलं, आणि मग मी तिलाही बोटींच्या क्लबमध्ये ओढलं. ती डॉक्टर. दवाखान्यातून थकून यायची, तरी शनिवारी बरोबर यायची. चार वर्षांत ती माझ्याइतकीच तयार झाली. सुकाणू तर माझ्यापेक्षा हलक्या हाताने धरायची. तेव्हा ठरलं की एकदा स्वतः बोट भाड्याने घेऊन ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या समुद्रात दोन आठवडे फिरायचं. कप्तान नाही, मदतनीस नाही, आपण दोघंच.

कोस बेटावर बोट ताब्यात घेतली. पहिले पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सिमी नावाच्या बेटावर पिवळ्या घरांखाली आम्ही बोट बांधली आणि ती डेकवर बसून टोमॅटो चिरत नाशिकच्या गप्पा मारत राहिली. मग तुर्कस्तानात शिरलो, दाचा नावाच्या गावी कागदपत्रं केली. तिथल्या बाजारात तिला कोथिंबीर मिळाली नाही, म्हणून तिने पोह्यांवर पार्सली घातली आणि चवीला बरी लागते असं स्वतःच ठरवून टाकलं.

दाचाहून पश्चिमेला क्निडॉसची खाडी आहे. तिथे जायच्या सकाळी मी फोनवर वाऱ्याचा अंदाज पाहिला. दुपारनंतर डोंगरावरून जोराचे झोत उतरतील असा इशारा होता. मी मनाशी हिशेब केला की आपण त्याआधी पोचू. तिला सांगितलं तर ती उगाच धास्तावेल, म्हणून बोललो नाही. तिने विचारलं, हवा कशी आहे? मी म्हणालो, छान आहे.

आम्ही तासभर उशिरा निघालो होतो. ती खाली चहा करायला गेली, आणि त्याच वेळी पहिला झोत आला. बोट एका अंगावर कलंडली. मी सुकाणूला लटकलो होतो. खालून भांड्याचा आवाज आला आणि मग तिचा. उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत सांडलं होतं. ती वर आली, एका हाताने दोर सोडून शीड कमी केलं, मग परत खाली जाऊन हात पाण्याखाली धरला. खाडीत नांगर टाकून झाल्यावर तिने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हणालो. तुला टेन्शन नको म्हणून, असंही म्हणालो.

ती डेकवर बसली. ऊन अजून चांगलं वर होतं. समोर जुन्या शहराच्या पडक्या पायऱ्या दिसत होत्या. तिने मला हाताला पट्टी बांधायला लावली, कशी गुंडाळायची ते सांगत राहिली, आणि पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "परत गेल्यावर मला वेगळं राहायचंय."

मला वाटलं, भाजल्याच्या रागात बोलते आहे. पण ती रागात नव्हती. ती पाच वर्षांपूर्वीच्या एका दिवसाबद्दल बोलायला लागली.

ती गोष्ट २०१२ ची. तेव्हा आम्ही मनुरेवात दोन खोल्यांत राहायचो. इथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर इथली परीक्षा द्यावी लागते. ती दीड वर्ष एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मला तिच्या भावाचा, माझ्या मेहुण्याचा, फोन आला. "दाजी, बाबा गेले," तो म्हणाला. ती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. मी फोन घेऊन बाहेर गेलो. विमानाने ती कशीही नाशिकला अंत्यविधीला पोचली नसती. मी म्हणालो, उद्या तिची परीक्षा आहे, झाल्यावर सांगू का? त्याने फोन आईकडे दिला. आई रडत होत्या. त्या म्हणाल्या, सांगू नकोस तिला, पेपर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी तिला केंद्रावर सोडलं, आणायलाही गेलो. ती हसत बाहेर आली. परीक्षा फार छान गेली होती. तिला इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. माझ्याने सांगवेना. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आम्ही आइस्क्रीम घेतलं, समुद्रावर गेलो, ती वाळूत पाय पसरून परीक्षेत पेशंटचं काम करणाऱ्या नटांच्या नकला करत होती. त्यापुढच्या सकाळी मी तिला सांगितलं. तिने विचारलं, कधी? मी दिवस सांगितला. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. ती पास झाली, नोकरी लागली, आम्ही अल्बनीत घर घेतलं. नातेवाईक मला म्हणायचे, शहाणपणाने वागलास. मलाही तसंच वाटायचं.

त्या खाडीत ती म्हणाली, "बाबा गेले होते आणि मी दिवसभर हसत होते. तू समोर बसून ते बघत होतास. त्या दिवसापासून मी हसले की मला वाटतं, याला काहीतरी माहीत असेल."

एक वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं: तुझ्या आईनेच सांगू नको म्हटलं होतं. ते मी गिळलं. त्या माउलीला यात कशाला ओढायचं, असा विचार केला. आई-वडिलांपैकी तिला आता आईच उरली होती. मी फक्त चुकलो म्हणालो. ती म्हणाली, हो.

बोट परत द्यायला अजून सात दिवस होते. आमची बोट एकट्याने चालवण्यासारखी नव्हती. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने पुढे जाऊन नांगर सोडायचा. शिवाय तिचा उजवा हात बांधलेला. त्यामुळे जे झालं होतं ते बाजूला ठेवून आम्हाला रोज सकाळी नकाशा उघडून बसावं लागलं. मी रोज तिची पट्टी बदलायचो. जखम बरी होत होती. ती हात माझ्या मांडीवर ठेवून दुसरीकडे बघायची. मी वाऱ्याचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, एकेक ओळ. ती ऐकून घ्यायची आणि ठरवायची. त्या सात दिवसांत आमची एकही चूक झाली नाही. हाताची खूण पुरायची, बोलावंही लागत नव्हतं.

बोद्रुमच्या अलीकडे एका खाडीत आमचा नांगर सुटला आणि बोट मागे खडकांकडे सरकायला लागली. मी पुढे धावलो, तिने डाव्या हाताने इंजिन सुरू केलं, आणि पाच मिनिटांत आम्ही दुसरीकडे नीट उभे होतो. शेजारच्या बोटीवर एक वयस्कर जोडपं होतं. त्यातली बाई पोहत आमच्यापर्यंत आली आणि म्हणाली, तुम्हा दोघांना काम करताना नुसतं बघत राहावंसं वाटतं, किती वर्षं झाली तुम्हाला एकत्र? बायकोने आकडा सांगितला. बाई गेल्यावर ती खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. मी तिथेच दोर गुंडाळत राहिलो, गुंडाळलेला सोडून पुन्हा गुंडाळत राहिलो. मला वाटलं, आता खाली जावं. गेलो नाही. ते आजही खुपतं.

कोस बेटावर बोट दिली. विमानात सीट शेजारीशेजारी होत्या. ती माझ्या खांद्यावर झोपली, जागी झाली आणि बाजूला सरकली.

सप्टेंबरात ती हॅमिल्टनला गेली. तिथल्या ‘ते रापा’ नावाच्या भागाजवळ एका दवाखान्यात तिला जागा मिळाली. इथल्या कायद्याने घटस्फोटाआधी दोन वर्षं वेगळं राहावं लागतं. त्या दोन वर्षांत आम्ही चांगलं वागलो. दिवाळीला फोन, कागदपत्रांचे मेसेज. २०१९ मध्ये सह्या करायला मी हॅमिल्टनला गेलो. वाचनालयात साक्षीदार म्हणून सही करणारे एक गृहस्थ बसतात, त्यांनी किया ओरा म्हणून आम्हाला नमस्कार केला, कागद पाहिले, शिक्के मारले. दहा मिनिटांत झालं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, घरी चल, चहा घेऊन जा. तिचं घर लहान आणि नीटनेटकं होतं. चहा समोर ठेवून ती म्हणाली, "आईने मला सांगितलं. तिनेच तुला थांबवलं होतं म्हणून. बोटीवर का नाही बोललास?"

"तुला आईचा राग यायला नको म्हणून."

"म्हणजे परत तेच." तिच्या आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता. "माझा राग कोणावर असावा, तेसुद्धा तूच ठरवलंस."

मग तिने विचारलं, "अजून काही आहे का, मला न सांगितलेलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण एक गोष्ट होती. त्या दिवशी फोनवर मेहुणा मला म्हणाला होता की बाबा सकाळी शुद्धीवर होते, आणि त्यांनी विचारलं होतं, पोरीची परीक्षा उद्याच आहे ना? त्यानंतर ते बोलले नाहीत. मेहुण्याला वाटलं होतं मी सांगेन. मला वाटलं होतं, तिला सहन होणार नाही. सात वर्षं ते माझ्याजवळ राहिलं होतं.

मी सांगितलं.

तिने टेबलाची कड घट्ट धरली. मग ती रडायला लागली. इतक्या वर्षांत ती वडिलांसाठी माझ्यासमोर पहिल्यांदाच रडत होती. मी उठून तिच्याजवळ जायला लागलो, तर तिने हात वर करून मला थांबवलं. मी पुन्हा बसलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, नक्की काय शब्द होते, परत सांग.

मी परत सांगितलं. तिने ते शब्द हळू आवाजात स्वतःशी म्हटले. मग म्हणाली की आता तू निघ, संध्याकाळी रस्त्यावर गर्दी असते. मी जाकीट घातलं. ती दारापर्यंत आली नाही.