आप्पांच्या दारात हलगी

आधी तो चहाचा कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला, आणि त्यांचा शर्ट धुवायचं माझ्या माथी आलं.

शुक्रवार पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. अख्ख्या सोलापूरला नीट दिसावं म्हणून मी तिथं बसतो. मला स्वतःला किती दिसतं ते तुम्हाला कळेलच!

मला सिनेमाचं वेड आहे. त्यातही परदेशी सिनेमाचं. उन्हाळ्यात एकदा जेवताजेवता एक मेक्सिकोचा सिनेमा बघत होतो. चार म्हातारे वाजंत्री, मोठ्या टोप्या, खटारा गाडी. कुणाची तरी रुसलेली बायको माहेरी गेलेली, म्हणून हे चौघं वाळवंट तुडवत तिच्या खिडकीखाली वाजवायला निघालेले. वाटेत प्रत्येक गावात लोक त्यांच्याबरोबर नाचतायत, पोटभर खाऊ घालतायत. शेवटी खिडकी उघडते, बायको हसते, खाली येते. काय सांगू! माझा घास हातात तसाच राहिला.

सिनेमा संपला, मान वर केली, तर घरात सुनंदा नाही. सुनंदा म्हणजे आमची बायको. कपाटातली तिची बॅगही नाही!

फोन लावला. पलीकडं नुसता गलका. "आता येळ न्हाय मला, मागनं बोलते," म्हणाली आणि कट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

मी ओळखलं, रुसली. सकाळीच पोह्यांत मीठ कमी आहे म्हणालो होतो ना! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती अशी कधी गेली नव्हती. रात्री दुकान बंद करून घरी यायचं जिवावर यायला लागलं. खरंच सांगतो, ती परत येईल का नाही, या विचारानं मला घास जाईना.

मग डोक्यात तो सिनेमा आला. आपणही वाजंत्री घेऊन जायचं!

लग्नसराई होती, सनईवाले कुठून मिळणार? मिळाले ते सदा वस्ताद आणि त्यांचा हलगीचा ताफा. टेम्पोही त्यांचाच. वस्तादांना म्हटलं, "प्रेमाचं काहीतरी वाजवा."

वस्तादांनी कान खाजवला. "सायेब, हलगीवर प्रेमाचं कसं वाजवायचं? कुस्तीचं हाय, बैलपोळ्याचं हाय, गुलालाचं हाय."

गुलाल! रंग, सुगंध, आनंद! मी म्हटलं, "तेच. गुलालाचंच वाजवा."

"बगा बरं," वस्ताद म्हणाले. त्या 'बगा बरं'कडं माझं लक्षच गेलं नाही.

निघालो. सासुरवाडी माढ्याच्या अलीकडं, फाट्यावरून आत. टेम्पो असा उडत होता की मेक्सिकोची आठवण यावी. मी वस्तादांना सगळा सिनेमा सांगितला. ते म्हणाले, "तितल्या लोकान्ला काय कामं न्हाईत व्हय?"

गाव जवळ आलं तसे रस्त्याला बॅनर दिसायला लागले. त्यावर आमचे सासरे, आप्पा, हात जोडून हसतायत. मला वाटलं, वाढदिवस! आपल्याकडं बॅनर दुसऱ्या कशाला लागतात? खाली बरंच काही लिहिलं होतं, पण टेम्पो पळत होता. आणि हो, चष्मा मी दुकानातच विसरलो होतो. हसा, हसा.

फाट्यावर घोळका उभा होता. सगळे गुलालानं लालेलाल. आमच्या टेम्पोतल्या हलग्या बघून एकच ओरडा झाला, "आली रं हलगी! आली!"

बघा, सिनेमात होतं तसंच! अनोळखी माणसं, आणि काय हे स्वागत! कुणी मला टेम्पोतून ओढलं, कुणी मूठभर गुलाल तोंडावर चोळला, एकानं खांद्यावर घेतलं. वस्ताद माझ्याकडं बघत होते. मी वरूनच ओरडलो, "वाजवा!" हलगी अशी कडाडली की बास!

"पावनं, निगाला कुटं?" खालून एकानं विचारलं.

"आप्पांच्या घरी!"

घोळक्यातले एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "आरं, तात्या म्हनलेत न्हवं, कुनाच्या दारात जायचं न्हाय म्हनून?"

दुसरा म्हणाला, "आता पावनाच नेतोय तर मग चला की!"

आणि निघालो की वाजतगाजत! पुढं मी, खांद्यावर. मागं हलगी, त्यामागं निम्मं गाव.

आता तुम्हाला कळलं असेल. मला नव्हतं कळलं. त्या दिवशी सकाळीच गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल लागला होता. आप्पा थोडक्यात पडले होते आणि तात्या निवडून आले होते. आमच्या भागात निवडून आलेल्यांनी पडलेल्याच्या दारात जाऊन हलगी वाजवली, की पुढची दहा वर्षं त्या दोन घरांत पाणीसुद्धा चालत नाही. तात्यांनी समजूतदारपणे ते टाळलं होतं. आणि मी, आप्पांचा सख्खा जावई, ती मिरवणूक स्वतः घेऊन आलो होतो!

आप्पांचं दार बंद होतं. ते बघून मला आणखीनच जोर चढला, कारण सिनेमातही आधी खिडकी बंदच असते. खाली उतरलो. डोळ्यांत गुलाल गेलेला, धड काही दिसेना. डोळे मिटले, गुडघे टेकले, हात पसरले आणि पाठ केलेलं बोललो.

"झालं गेलं विसरून जा! तुझ्याशिवाय आम्हाला करमत नाही! भांडण सोड आणि आमच्याकडं ये!"

हलगी थांबली. कडी वाजली. मी हळूच डोळे उघडले. समोर धोतर!

"मेलो तरी," आप्पांचा आवाज थरथरत होता, "मेलो तरी तुमच्या पॅनेलमदी येनार न्हाय!" मग त्यांनी वाकून माझ्या तोंडावरचा गुलाल पुसला आणि मला ओळखलं. "जावईबापू? तुमी कवा फुटला?"

बोला आता! मागून घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात सुनंदा बाहेर आली. "अवो, ह्यो काय अवतार? तुमी हितं काय करताय?"

"तुला न्यायला आलो. रुसून आलीस ना?"

"कोन रुसलंय?" तिनं कपाळाला हात लावला. "आप्पांची निवडनूक हाय, परचाराला जाते, निकालाच्या दिशी गुपचूप न्यायला या, असं तुमच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन सांगून आले की! तुमी 'हं' म्हनला!"

"मी सिनेमा बघत होतो गं. मेक्सिकोचा. कानात इयरफोन होते…"

"त्यांची भाषा कळती तुमाला?"

"नाही. खाली इंग्रजीत लिहून येतं, ते वाचतो."

"मग कानात बोंडं कशाला घालताय?"



पहिलं हसू कुणाला आलं असेल? आप्पांना! निकालापासून गडी बोलला नव्हता म्हणे. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "पडल्याचं दुक्क न्हाय बगा मला. पोरगी देताना जरा निरखून बगायला पायजे हुतं." घोळका खो खो हसत सुटला. तेवढ्यात तात्या स्वतः धावत आले आणि आप्पांच्या पाया पडले. सासूबाईंनी सगळ्यांना चहा टाकला. दोन्ही पॅनेलं एका ओसरीवर बसून कुणाला हसली, ते सांगायला नकोच.

मी हळूच सुनंदाला म्हणालो, "चल मग, टेम्पो उभाच आहे."

"आले तवा रुसले न्हवते," ती म्हणाली, "आता रुसले."

एकटाच परत आलो. वस्ताद वाटेत एवढंच म्हणाले, "सायेब, सिनेमात लोक जेवायला घालत्यात म्हनला हुता न्हवं?"

ती आली आपली चार दिवसांनी, एसटीनं. आता सगळं सुरळीत आहे. फक्त आज सकाळी ती काहीतरी सांगत होती आणि मी, सवयीनं, "हं" म्हणालो. तिनं शांतपणे फोन उचलला. "वस्ताद? आज सांजच्याला मोकळं हाय का? व्हय, आमच्याच दारात."

तेव्हा मंडळी, संध्याकाळी आमच्या गल्लीत हलगी ऐकू आली तर कोण पडलं म्हणून विचारत येऊ नका. इथं उमेदवार एकच आहे.