शून्यावरची सुई

मुरबाडच्या नाक्यावरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही, इतका संताप आला होता त्याचा.

टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरतोय ते दाखवणारं बूस्ट गेज त्याने माझ्या जीपमध्ये बसवलं. इंजिनापासून गेजपर्यंत बारीक रबरी नळी ओढली. आम्ही चक्कर मारून आलो, तेव्हा सुई झोकात चढत होती. मग याने हात पुसले, गेजला हळदकुंकू लावलं आणि बॉनेटखाली त्या नळीला लाल दोरा करकचून बांधला. पुन्हा चक्कर मारली, तर सुई शून्यावर ढिम्म!

हा बाबा काचेवर टिचक्या मारत गेजलाच शिव्या घालू लागला. "मालच बोगस हाय!" नळीच्या क्लिपा काढल्या, पुन्हा आवळल्या. दोऱ्याला मात्र हात लावला नाही.

"अहो, दोऱ्याने नळी चेपलीये! सोडा तो!" मी ओरडलो.

"देवाचा हाय. सोडायचा नाय."

"मग ढिला तरी करा!"

हातातला पाना आपटून तो माझ्याहून मोठ्याने ओरडला, "एका गाडीला बांधलावता ढिला. माळशेज घाटात खाली दरीत गेली ती. माझा भाऊ चालवत व्हता."

मी पैसे दिले आणि जीप काढली.

आजही घाट चढताना ती मेलेली सुई पाहिली की माझं डोकं फिरतं आणि मी त्याला मोठमोठ्याने शिव्या घालतो. शहापूरला घरी पोचल्यावर कितीदा तरी कात्री घेऊन बॉनेट उघडलंय.

दोरा अजून तिथेच आहे, तसाच करकचून.